हाताला पंधरा, कागदाला पंच्याऐंशी



सर्व सभासद, होडीवाले, जाळंवाले आणि घर सांभाळणाऱ्या माय-बहिणींनो,

बारावीचा निकाल लागला की संस्थेच्या ऑफिसात दरवर्षी दोन-चार पोरं बापाला घेऊन येतात. "सचिवसाहेब, माशाचं कॉलेज असतंय म्हणे. पोराला टाकावं का?" यंदा तिघं आले, त्यात एक पोरगी. मी स्वतः बारावीवर थांबलेला माणूस. पण थोरल्या भावाचा पोरगा या शिक्षणाला गेला, तेव्हापासून हे सगळं जवळून बघायलोय. म्हणून आज हिशेबाच्या सूचनेऐवजी हे लिहितोय. जरा लांब आहे. ज्यांच्या घरात दहावी-अकरावीचं लेकरू आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

मागच्या भाद्रपदात आपल्या ठेक्याच्या तलावात मासे मेले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. तीन दिवस आभाळ भरून होतं, ऊन नाही, वारं नाही. चौथ्या दिवशी पहाटे काठावर कटला-रोहूचा पांढरा पट्टा पडलेला. किलो-दीड किलोचे मासे, दिवाळीला काढायचे म्हणून राखलेले. बायाबापड्या रडायला लागल्या. थोड्याच वेळात कोणीतरी म्हणालं, वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं औषध सोडलं. झालं. दहा-बारा जण काठ्या घेऊन निघाले. मी मध्ये पडलो आणि पुतण्याला फोन लावला. तो तेव्हा दुसऱ्या वर्षाला होता.

त्यानं चार प्रश्न विचारले. "काका, पाणी हिरवं होतं का? आभाळ किती दिवस होतं? मोठे मासे जास्त मेलेत का बारके?" आणि शेवटचा प्रश्न, "मरळ मेली का?"

मरळ कोणी बघितलीच नव्हती. जाऊन बघितलं तर एकही मरळ मेलेली नाही, एकही मागूर मेलेला नाही. पोरगं म्हणालं, "मग औषध नाही काका. औषधानं मरळ पण मेली असती. पाण्यातला प्राणवायू संपलाय. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेती, ती वाचली. कटल्याला ते जमत नाही."

काठ्या खाली ठेवल्या गेल्या. नाहीतर त्या दिवशी एका निरपराध माणसाचं डोकं फुटलं असतं आणि आपली दहा माणसं पोलीस ठाण्यात बसली असती.

आता पुढचं ऐका. त्याच सत्रात, त्याच विषयात, म्हणजे माशांच्या शरीरक्रियाशास्त्रात, तो पोरगा नापास झाला.

पेपर चांगला गेला होता. दसऱ्यात भाऊ बांधावरून पडला, पाय मोडला, होडी चालवायला कोणी नाही, म्हणून आम्हीच पोराला बोलावून घेतलं. "आठ दिवस ये" म्हणालो आणि महिना ठेवून घेतलं. हजेरी कमी पडली. या शिक्षणात हजेरी कमी पडली की मार्क कितीही असोत, त्या विषयात नापास, आणि गुणबिंदू मिळतो फक्त १. आता तोच विषय परत करायला लागायलाय. "काका, सोडून देतो" असं मध्ये दोनदा म्हणाला.

नियमाचा दोष नाही. आम्हाला नियम माहीतच नव्हता. म्हणून तो तुम्हाला नीट सांगतो.

हे शिक्षण काय आहे

पदवीचं नाव बी.एफ.एस्सी. चार वर्षं, आठ सत्रं. बारावीला म्हणजे आपल्याकडच्या पीयूसीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र हे विषय लागतात. कला शाखा घेतलेल्याला दार बंद. म्हणजे निर्णय बारावीनंतर घ्यायचा नसतो, दहावीनंतर घ्यायचा असतो. ऑफिसात बारावीनंतर येणाऱ्यांपैकी अर्ध्यांना मला याच कारणानं परत पाठवावं लागतं. त्याचं वाईट वाटतं.

कर्नाटकात प्रवेश राज्याच्या सीईटीतून. मत्स्य महाविद्यालय आहे मंगळूरला, १९६९ साली सुरू झालेलं, देशातलं पहिलं. आणि ते ज्या विद्यापीठाखाली चालतं त्या पशुवैद्यकीय, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय कुठे आहे? आपल्या बिदरला, नंदीनगरला. कारंजा धरणावर जाळं टाकणाऱ्याच्या पोरानं मासा शिकायचा तर सातशे किलोमीटरच्या आसपास जायचं, आणि त्या शिक्षणाचा कारभार बघणारं ऑफिस मात्र घरापासून बसनं तासाभरावर. असं आहे.

आपला भाग ३७१ जे मध्ये येतो. आपल्या भागाबाहेरच्या महाविद्यालयांतही कल्याण कर्नाटकच्या पोरांना ८ टक्के जागा राखीव असतात. त्यासाठी सहायक आयुक्तांकडचा दाखला लागतो. तो निकालाच्या दिवशी काढायला जाऊ नका, आधी काढून ठेवा.

दुसरा रस्ता उदगीरचा. तिथं महाराष्ट्राच्या नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे. भालकीत रेल्वेत बसलं की कमलनगर, मग उदगीर. तिथला प्रवेश महाराष्ट्राच्या सीईटीतून, आणि जीवशास्त्र गटाचा तो पेपर मराठीतून देता येतो. सीमाभागातल्या मराठी पोरांसाठीच्या सवलती आणि रहिवासाच्या अटी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचूनच अर्ज भरा. कोणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्याही नाही.

मार्क कसे पडतात

आता मुद्द्याचं. या पदव्यांची चौकट दिल्लीची भारतीय कृषी अनुसंधान परिषद ठरवून देते. तिच्या पाचव्या अधिष्ठाता समितीनं घालून दिलेली पद्धत अशी. विद्यापीठाप्रमाणे थोडंफार इकडंतिकडं होतं, पण सांगाडा हाच.

शरीरक्रियाशास्त्र हा तीन क्रेडिटचा विषय. आठवड्याला दोन तास वर्गात शिकवणं आणि एक प्रात्यक्षिक. १०० मार्कांची वाटणी बघा:

• शेवटची लेखी परीक्षा, पेपर बाहेरच्या परीक्षकाचा: ५०
• मधली लेखी परीक्षा: ३०
• लिहून द्यायचं काम: ५
• प्रात्यक्षिक: १५

पास व्हायला ५० लागतात. आपल्या शाळेतल्यासारखं कमी मार्कांत पास नाही. हे ऐकून पुष्कळांचे डोळे मोठे होतात. मिळालेल्या मार्काला दहानं भागलं की गुणबिंदू. ७२ मार्क म्हणजे ७.२. त्याला विषयाच्या क्रेडिटनं गुणायचं आणि सगळ्या विषयांची सरासरी काढायची. शेवटी ५ ते ६ मध्ये नुसता पास, ६ च्या वर दुसरा वर्ग, ७ च्या वर पहिला वर्ग, ८ आणि त्याच्यावर विशेष प्रावीण्य.

आता दोन पोरं धरा. एक आपला, लहानपणापासून पाण्यातला. प्रात्यक्षिकात १५ पैकी १४. पण पेपर इंग्रजीत, लिहायची सवय नाही. शेवटच्या परीक्षेत २०, मधल्या परीक्षेत १२, लिहून द्यायच्या कामाचे ४. बेरीज ५०. काठावर पास. एक मार्क कमी पडला असता तर गेला. दुसरा शहरातला, हातात मासा धरायला घाबरणारा. प्रात्यक्षिकात ७, शेवटच्या परीक्षेत ३८, मधल्या परीक्षेत २३, लिहून द्यायच्या कामाचे ४. बेरीज ७२. पहिला वर्ग.

त्या शहरातल्या पोरावर माझा राग नाही. त्यानं अभ्यास केला, त्याला मिळाले. माझं म्हणणं तराजूबद्दल आहे. या तराजूत हात १५ आणि कागद ८५.

पेपरात विचारतात ते आपल्याला माहीत असतं

पुतण्याची वही मी बघितली. इंग्रजी मला अर्धवट कळतं, पण त्यानं समजावून सांगितलं तेव्हा मी चाट पडलो. धडे काय? माशाचा श्वास, रक्ताभिसरण, पचन, शरीरातलं मीठ-पाणी, अंडी, ग्रंथी, ताण. म्हणजे आपलं रोजचंच.

पहाटे मासे वर येऊन तोंड का मारतात? रात्री ऊन नाही म्हणून शेवाळ प्राणवायू तयार करत नाही, उलट खातं. पहाटे तो सगळ्यात कमी असतो. गरम पाण्यात मुळातच कमी मावतो. २० अंशाच्या पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसातच्या आसपास. कार्पला ५ च्या वर असला तर बरं असतं. आपले म्हातारे याला "पाणी जड झालं" म्हणतात. पुस्तकात त्याला श्वसनाचा धडा म्हणतात.

बोटुकली आणायच्या आधी बीज केंद्रावर एक दिवस उपाशी का ठेवतात? पोटात असलेलं पिशवीत पडतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि उदगीरच्या पुढं येईपर्यंत निम्मी पिशवी उताणी. ज्यानं एकदा असं बीज टाकलंय त्याला हा धडा पैसे देऊन पाठ झालेला असतो.

पिशवीत चिमूटभर मीठ का टाकतात? गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगातलं मीठ सारखं बाहेर झिरपतं आणि पाणी आत शिरतं. त्याचे कल्ले आणि मूत्रपिंडं दिवसरात्र तेच सांभाळत असतात. घाबरलेल्या माशाचं मीठ आणखी जातं. पाण्यात थोडं मीठ असलं की त्याचा भार हलका होतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कटला, रोहू, मृगळ हे साठलेल्या पाण्यात अंडी देत नाहीत, त्यांना पावसाळ्यातलं वाहतं नदीचं पाणी लागतं, हे आपल्या आज्यालाही माहीत होतं. म्हणून पूर्वी बीज नदीतून गोळा करावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात अंगुळ इथं हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सोबत्यांनी माशाच्या मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशाकडून अंडी घेतली. म्हणून १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन. आज कारंजात, मुल्लामारीत, अमर्जात, बेण्णेतोऱ्यात जे बीज आपण सोडतो ते त्या एका सुईच्या पोटी जन्माला आलंय. ती सुई म्हणजे शरीरक्रियाशास्त्र. या विषयाशिवाय आपल्या निम्म्या धरणांत जाळ्याला काही लागलं नसतं.

म्हणून कोणी म्हणालं की "माशाचं पुस्तक शिकून काय करायचं, मासा पाण्यात शिकायचा", तर मी मान्य करणार नाही. त्या भाद्रपदातल्या सकाळी आपण सगळे पाण्यातच शिकलेले होतो. आणि आपण सगळे चुकलो होतो. आपल्याला मासा दिसला, पण कारण दिसलं नाही. कारण सांगणारा वर्गात बसलेला पोरगा होता. त्यालाही मरळ कशी श्वास घेते हे आधी बापाच्या होडीत दिसलं होतं, कळलं मात्र वर्गात. दोन्ही लागलं.

माझं म्हणणं

लेखी परीक्षा नको असं मी म्हणत नाही. ती हवी, कडक हवी. बाहेरच्या परीक्षकाचे ५० तसेच राहू द्या. पण उरलेल्या ५० मध्ये परत ३० लेखीचे कशाला? ते उलटे करा. प्रात्यक्षिकाला ३० आणि मधल्या लेखीला १५.

यावर एका जाणत्या गृहस्थानं मला सुनावलं, "म्हणजे तुमच्या पोरांसाठी परीक्षा सोपी करायची." अजिबात नाही. ती अवघड करा. पोराला पहाटे पाच वाजता तलावावर उभं करा. प्राणवायू मोजायला लावा. माशाचं रक्त काढून लाल पेशी मोजायला लावा. नर कोण, मादी कोण, अंड्यावर आली का नाही, हे हात फिरवून सांगायला लावा. चार मेलेले मासे समोर ठेवून विचारा, कशानं मेले. यात शहरातलं पोरगंही शिकेल आणि आपलंही. यात नापास झालेला पदवीधर उद्या खात्याचा अधिकारी होऊन आपल्या तलावावर आला नाही, तर आपलंच भलं आहे.

आणि हात मोजता येतो, हे सरकारलाही ठाऊक आहे. कर्नाटकात शेतीच्या पदव्यांना शेतकरी कोट्यासाठी पोरांची प्रात्यक्षिक परीक्षा घेतातच. दारात मोजायला जमतं तर घरात का जमू नये?

२०२४ ला सहाव्या अधिष्ठाता समितीचा नवा आराखडा आलाय. त्यात हातकामाच्या कौशल्यावर जोर आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. म्हणजे बदल चालू आहे. बोलायची वेळ हीच. नंतर बोंब मारून उपयोग नाही.

विद्यापीठाचं मुख्यालय बिदरला आहे, त्याचा आपल्याला एवढा तरी फायदा व्हावा: प्रत्येक तुकडीचं वर्षातून एक प्रात्यक्षिक कारंजावर व्हावं. होडी आपली, जाळं आपलं, मासा आपला. पैसे नकोत. आपल्यातला जाणता माणूस तिथं उभा राहील आणि पोरांना मरळ दाखवेल. शिकवणारे सर कारण सांगतील. दोघांनी मिळून शिकवायचं. याच भागातल्या कल्याणात बाराव्या शतकात नाव वल्हवणारा अंबिगर चौडय्या शरणांच्या मांडीला मांडी लावून बसला आणि त्याची वचनं आजही लोक म्हणतात. आपण काही नवीन मागत नाही.

ही मागणी मी येत्या वार्षिक सभेत ठराव म्हणून मांडणार आहे. सभेला या. सही करून चहा पिऊन जाऊ नका, बसा.

आपल्याकडून काय

मागणी करताना आपलं घरही झाडलं पाहिजे.

१. दहावीनंतर पोराला, पोरीलाही, विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेऊ द्या. "पोरीला काय करायचंय धरणावर" हे बंद करा. मासळी विकून हिशेब तीच ठेवते.

२. पोर शिकायला गेलं की हंगामात परत बोलावू नका. माझ्या घरची चूक मी वर लिहिलीय, लाज सोडून लिहिलीय. एक महिना होडी बांधून ठेवली असती तर जेवढं नुकसान झालं असतं, त्यापेक्षा जास्त पोराचं वर्ष गेल्यानं झालं. कोणाच्या घरी असं आजारपण आलं तर संस्थेला कळवा. दुसरा सभासद ती होडी चालवेल, उत्पन्नाची वाटणी ठरवून देऊ. हे आपल्याआपल्यात जमण्यासारखं आहे.

३. आपली पोरं मराठी शाळेतून जातात, पुढं सगळं इंग्रजी. म्हणून आठवीपासून माशाचे शब्द दोन्ही भाषांत शिकवू. कल्ले, वायुकोश, यकृत, वृक्क, बीजांडकोश. पुतण्या सुट्टीत आला की ऑफिसात रविवारी तासभर बसायला तयार आहे. मासा कापायचा, आतलं एकेक दाखवायचं, दोन भाषांत नाव लिहायचं. घरात रोज मासा साफ करणाऱ्या आयांनी पण यावं. आतड्याची लांबी तुमच्याइतकी कोणी बघितलेली नाही. कार्पला जठर नसतं, नुसतं लांब आतडं असतं, हा पेपरातला प्रश्न आहे. तुम्हाला उत्तर आधीच माहीत आहे, फक्त ते प्रश्नाचं उत्तर आहे हे माहीत नाही.

४. तलावाची वही ठेवू. तारीख, आभाळ, पाण्याचा रंग, मासे वर आले का. चार ओळी. उद्या आपलं पोरगं प्रात्यक्षिकाची वही लिहील तेव्हा त्याला सवय असेल. आणि परत भाद्रपदात आभाळ भरलं तर आपण काठ्यांच्या आधी वही काढू.

जी पोरगी यंदा आली होती तिला मी विचारलं, "बाई, पास व्हायला पन्नास लागतात. जमेल का?" ती म्हणाली, "काका, हाताचे किती?" मी सांगितलं, पंधरा. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग पस्तीस लिहून काढते."

तिचा दाखला काढायला उद्या मी स्वतः सोबत जायलोय.

पुतण्यानं पण शिक्षण सोडलेलं नाही. तोच विषय परत घेतलाय. यावेळी दसऱ्याला त्याला फोन करायचा नाही, असं घरात सगळ्यांनी ठरवलंय. होडी मी बघतो.

ज्यांच्या घरात दहावीचं पोर आहे त्यांच्यापर्यंत पोचवा. चुकलं असेल तर खाली लिहा, दुरुस्त करतो.

आपला,
सचिव